ख्रिस्ती तरुण, विज्ञान आणि आपण घातलेली अट

नागपुरातल्या ख्रिस्ती तरुण संघांच्या शिबिरांमध्ये अलीकडे एक वाद हमखास निघतो. ख्रिस्ती मुलाने उत्क्रांती मानावी, की देवाने सहा दिवसांत सृष्टी घडवली असे सांगणाऱ्या, बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकातल्या पहिल्या अध्यायावर ठाम राहावे? राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागातला पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे. शिवाय २०२३ मध्ये एनसीईआरटीने आपल्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला, तेव्हा १,८०० हून अधिक वैज्ञानिक आणि शिक्षकांनी त्याविरुद्ध जाहीर पत्र काढले. हा विषय घराघरांत पोहोचला यात नवल नाही. वाद मात्र दरवेळी त्याच चाकोरीतून जातो. एक बाजू म्हणते, विज्ञान शिकून मुले देवापासून दुरावतात, तेव्हा जपून. दुसरी म्हणते, घाबरता कशाला, पवित्र शास्त्रात हे सगळे विज्ञान आधीच लिहून ठेवले आहे. बाहेरून ऐकणारे विवेकवादी मित्र म्हणतात, श्रद्धा आणि विज्ञान एका डोक्यात नांदत नाहीत, दोहोंपैकी एक सोडा. तिघांचे पटत नाही, पण तिघांच्याही लेखी विज्ञान म्हणजे तयार निष्कर्षांची एक यादी आहे. ती मान्य करायची, नाकारायची किंवा आपल्या ग्रंथात शोधून काढायची, एवढेच काय ते उरते. विज्ञान ही करण्याची गोष्ट आहे, ते वर्षानुवर्षे चिकाटीने करायचे काम आहे, आणि ते काम आपल्या मुलामुलींनी करावे की नाही, हा खरा प्रश्न आहे, हे कोणीच म्हणत नाही.

माझे मत मी आधीच सांगतो. ख्रिस्ती तरुणांना मंडळीने, म्हणजे आपल्या चर्चने, आपण होऊन विज्ञानाकडे पाठवावे. नुसते विज्ञानाच्या पदवीवर मिळणाऱ्या नोकरीकडे नव्हे, तर संशोधनाकडे. आणि पाठवताना कोणतीही अट घालू नये. ‘श्रद्धेला धक्का लागेल असे काही शिकू नकोस’ ही अट तर नकोच, पण ‘देवाच्या अस्तित्वाचा पुरावा घेऊन परत ये’ ही दुसरी, वरवर उत्तेजनासारखी वाटणारी अटही नको. माझ्या मते या दुसऱ्या अटीने पहिलीहून अधिक नुकसान केले आहे.

वाद किती चुकीच्या जागी अडकला आहे, हे एका शिबिरात मी जवळून पाहिले. अकरावीतल्या एका मुलीने उठून विचारले, “पाळकसाहेब, दगडाचं वय ठरवतात कसं?” प्रश्न पद्धतीचा होता. उत्तर आले ते निकालाचे: कार्बनच्या पद्धतीवर विश्वास ठेवता येत नाही, शास्त्रज्ञांचेच त्यावर एकमत नाही. ती मुलगी “बरं” म्हणून खाली बसली. वास्तविक बेसॉल्टसारख्या दगडाचे वय कार्बनने कोणी काढतच नाही. कार्बन-१४ चे अर्धे प्रमाण ५,७३० वर्षांत घटते, त्यामुळे ती पद्धत फार तर पन्नास हजार वर्षांपर्यंतच्या लाकडाला, हाडाला, कोळशाला उपयोगी पडते. ज्वालामुखीच्या खडकासाठी पोटॅशियमचे एक किरणोत्सारी रूप पाहतात. ते अतिशय सावकाश, निम्मे व्हायला सुमारे १२५ कोटी वर्षे घेत, काही अंशी आरगॉन वायूत बदलते. लाव्हा वितळलेला असताना आरगॉन निसटून जातो. दगड थिजला की नव्याने तयार होणारा आरगॉन आतच अडकतो. अडकलेला आरगॉन मोजला आणि उरलेले पोटॅशियम मोजले की वय निघते. हे सांगायला पाच मिनिटे पुरली असती, आणि त्या पाच मिनिटांत कोणाची श्रद्धा गेली नसती. त्या मुलीला मात्र कळले असते की तिच्या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते शोधणे हे माणसांचे रोजचे काम आहे.

हे उत्तर नागपुरात मिळू नये, याचे मला विशेष वाईट वाटते. १८४५ मध्ये स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप इथे आले, तेव्हा नागपुरावर भोसल्यांचे राज्य होते. त्यांच्या नावाचे कॉलेज १८८३ पासून या शहरात आहे आणि आपल्यापैकी अनेकांच्या घरात तिथली पदवी भिंतीवर लावलेली असते. पण हिस्लॉप यांनी नेमके काय केले, असे विचारले तर ‘शाळा काढली आणि सुवार्ता सांगितली’ यापलीकडे उत्तर येत नाही. हे गृहस्थ उपदेशासाठी गावोगाव फिरताना सोबत हातोडा बाळगत. सीताबर्डीच्या टेकडीतले खडकांचे थर त्यांनी वरून खाली नोंदवले. टाकळीला लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबलेल्या गाळातून त्यांनी गोड्या पाण्यातले शंख आणि अश्मीभूत फळे गोळा केली. नागपूरच्या दक्षिणेला मांगली येथे मिळालेली एका प्राचीन उभयचराची कवटी लंडनला गेली आणि जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी तिचे वर्णन केले. रॉबर्ट हंटर या सहकारी मिशनऱ्यासोबत हिस्लॉप यांनी लिहिलेला नागपूर परिसराच्या भूशास्त्रावरचा लेख १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात आला. हिस्लोपाइट या खनिजाला त्यांचेच नाव आहे. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून रात्री घोड्यावरून परतताना, पूर आलेल्या नाल्यात त्यांचा अंत झाला. सुवार्तेसाठी घर सोडून आलेला माणूस मृत्यूच्या दिवशी प्राचीन दगडांचा अभ्यास करून परतत होता, आणि या दोन कामांत त्यांना विरोध दिसला नाही. आपल्या मंडळीत हिस्लॉपांचे नाव आदराने घेतले जाते. त्यांचा हातोडा मात्र आपण बाजूला ठेवला.

त्या हातोड्याचे पुढे काय झाले, हेही सांगण्यासारखे आहे. कामठी आणि सिलेवाडा परिसरातल्या खाणींत, तांबूस-पिवळट मातकट दगडाची पाटी नीट उकलली, तर आत जिभेच्या आकाराच्या पानाचा ठसा मिळतो. मधोमध ठळक शीर, तिच्या दोन्ही अंगांना बारीक जाळी, आणि ती जाळी इतकी स्वच्छ की बोट फिरवले तर उंचवटा लागतो. हे पान ग्लोसोप्टेरिस या झाडाचे, सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचे. हिस्लॉपांनी ही पाने जमवली. पुढे भूशास्त्रज्ञांनी या खडकांना कामठीचेच नाव दिले. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सहकारी उपासमारीने व थंडीने मेले, तेव्हा त्यांच्या स्लेजवर सुमारे सोळा किलो दगड सापडले. उभे राहण्याची ताकद संपत आली असतानाही त्यांनी ते टाकले नव्हते, आणि त्यांत ग्लोसोप्टेरिसची पाने होती. ते गोळा करण्यात पुढाकार होता एडवर्ड विल्सन यांचा. ते त्या मोहिमेतले डॉक्टर आणि निसर्गअभ्यासक होते, आणि त्यांचे सहकारी त्यांना गाढ ख्रिस्ती श्रद्धेचा माणूस म्हणून ओळखत. जे पान कामठीत तेच अंटार्क्टिकात, याचा अर्थ हे भूभाग कधीकाळी जोडलेले होते. गोंडवन हे नाव ज्या प्राचीन महाखंडाला मिळाले ते आपल्याच मध्य भारतातल्या प्रदेशावरून, आणि त्याच्या पुराव्याची एक पाटी आपल्या जिल्ह्यात, दुसरी ध्रुवावर. हा वारसा आपल्या मुलांना सांगितला तर ती घाबरतील, की सिलेवाड्याला जायचा हट्ट धरतील?

आता विरोधी बाजूचे जे खरे आहे ते मान्य करू. विज्ञान शिकून काही तरुण श्रद्धेपासून दूर जातात, हे खरे आहे. ते नाकारणाऱ्या उत्साही वक्त्यांवर पालक विश्वास ठेवत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. खुद्द डार्विन यांची श्रद्धा ओसरत गेली, आणि १८५१ मध्ये दहा वर्षांची मुलगी ॲनी वारल्यावर ती जवळपास संपली, असे त्यांचे अनेक चरित्रकार मानतात. पण हा दाखला नीट पाहिला तर दिसते की त्या माणसाला मोडले ते दुःखाने, आणि दुःखाचा प्रश्न बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकाइतका जुना आहे. तो प्रयोगशाळेत जन्माला आलेला नाही आणि प्रयोगशाळेपासून मुलांना दूर ठेवून टळणाराही नाही. माझ्या ओळखीच्या ज्या तरुणांनी मंडळीत येणे थांबवले, त्यांच्यापैकी बहुतेकांनी ‘विज्ञानात देव सापडला नाही’ हे कारण सांगितले नाही. ‘तिथे प्रश्न विचारता येत नाही’ हे सांगितले. मुलापुढे ‘एक तर आम्ही सांगतो ते, नाहीतर पुस्तकात लिहिले आहे ते’ असा पर्याय आपणच ठेवला आणि पुस्तकातले त्याला पडताळून पाहता आले, तर त्याने कोणता निवडावा अशी आपली अपेक्षा आहे? तरीही काही जण जातील, हे मी लपवत नाही. ती जोखीम पत्करूनच पाठवायचे आहे, कारण न पाठवण्याची किंमत अधिक आहे.

ही किंमत सोळाशे वर्षांपूर्वी संत ऑगस्टीन यांनी ओळखली होती. उत्पत्तीच्या पुस्तकावर लिहिताना त्यांनी बजावले की पृथ्वी, आकाश, ग्रहांच्या गती यांविषयी विश्वास न ठेवणाऱ्या माणसालाही खात्रीचे ज्ञान असते. अशा माणसासमोर ख्रिस्ती मनुष्य शास्त्राचा हवाला देऊन चुकीचे बोलू लागला, तर पुनरुत्थानाबद्दल तो जे सांगेल त्यावर कोण विश्वास ठेवेल? ज्यांच्या ख्रिस्ती निष्ठेबद्दल कोणी शंका घेणार नाही, त्यांनी हे लिहिले आहे. आपल्या व्यासपीठांवरून आज नेमके हेच चालते. देवाने पृथ्वी निराधार टांगली असे ईयोबात एक वचन आहे, त्यावरून गुरुत्वाकर्षण सांगितले जाते. यशयाच्या पुस्तकातल्या पृथ्वीच्या वर्तुळावरून तिचा गोलाकार सिद्ध केला जातो. २०१५ मध्ये मुंबईच्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन भारतातल्या विमानांवर निबंध वाचला गेला, तेव्हा आपल्यातल्या सुशिक्षितांनी नापसंती दाखवली. ती योग्यच होती. पण शोध लागल्यानंतर तो आपल्या ग्रंथात सापडणे ही दोन्हीकडे एकच रीत आहे. तिथे ती चूक आणि इथे ती साक्ष, असे कसे म्हणता येईल? काव्याला काव्य म्हणून वाचले तर ईयोबाचे ते वचन किती मोठे आहे. त्याला भौतिकशास्त्राचे टिपण केले की ते काव्यही राहत नाही आणि भौतिकशास्त्रही होत नाही.

पुराव्याची अट का घालू नये, याचे सर्वांत स्वच्छ उत्तर एका पाद्र्यानेच दिले आहे. बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र हे कॅथलिक धर्मगुरू आणि गणिती भौतिकशास्त्रज्ञ. विश्व प्रसरण पावत आहे हे आइन्स्टाइन यांच्या समीकरणांतून त्यांनी १९२७ मध्ये मांडले, आणि १९३१ मध्ये विश्वाचा आरंभ एका आद्य अणूतून झाला असावा ही कल्पना दिली. महास्फोटाचा सिद्धांत त्यातूनच वाढला. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी एका भाषणात हा सिद्धांत सृष्टीच्या निर्मितीला दुजोरा देतो, अशा आशयाचे विधान केले. धर्मगुरूला याहून मोठा आनंद कोणता? पण लमेत्र अस्वस्थ झाले. आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नाबाहेरचा आहे, जडवाद्यालाही तो तितकाच मानता येतो, अशी त्यांची भूमिका होती आणि तिच्यापासून ते हटले नाहीत. त्यांचा मुद्दा उघड आहे. आज समीकरणावर श्रद्धा टेकवली आणि उद्या समीकरण दुरुस्त झाले, तर श्रद्धेने कुठे जायचे? ज्याची श्रद्धा मजबूत होती त्याने पुरावा नाकारला, आणि पुराव्याची घाई आपल्याला झाली आहे.

विवेकवादी मित्रांचे म्हणणे वेगळ्या कारणाने तपासायला हवे. महाराष्ट्रातील विवेकवादी चळवळीचे ऋण मी मानतो. चंगाई सभांतून, म्हणजे प्रार्थनेने रोग बरे करण्याच्या सभांतून, औषधे बंद करायला सांगितली गेली आणि त्यातून माणसे दगावली, तर त्याचा जाब आधी आपल्या मंडळीने विचारायला हवा होता, आणि तो विचारण्याचे बळ २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने दिले. पण ‘श्रद्धावान माणूस प्रामाणिक वैज्ञानिक असू शकत नाही’ हे त्यांचे विधान वस्तुस्थितीला धरून नाही. ब्रनो येथील मठात १८५६ पासून आठ वर्षे वाटाण्याची सुमारे २८,००० रोपे वाढवून मोजणारे मेंडेल मठवासी होते. भौतिकशास्त्रज्ञ फॅरेडे एका छोट्या कडव्या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीत वडील, म्हणजे निवडलेले ज्येष्ठ पुढारी, होते. ‘उत्क्रांतीच्या प्रकाशाशिवाय जीवशास्त्रात कशालाच अर्थ उरत नाही’ असे १९७३ मध्ये लिहिणारे जीवशास्त्रज्ञ डोबझान्स्की स्वतःला ख्रिस्ती म्हणवत. मानवी जनुकांचा आराखडा वाचण्याच्या प्रकल्पाचे प्रमुख फ्रान्सिस कॉलिन्स हेही ख्रिस्तीच. मात्र ही यादी वाचून आपल्या बाजूने टाळ्या वाजवणाऱ्यांनाही मी थांबवीन. मोठ्या माणसांच्या नावांनी ख्रिस्ती धर्म खरा ठरत नाही. न्यूटन यांनी किमयागिरीवरही वर्षे घालवली, त्यामुळे किमयागिरी खरी ठरली नाही. ही नावे ‘असे होऊच शकत नाही’ एवढेच विधान खोडतात, आणि इथे तेवढे पुरे आहे. विज्ञानाची प्रामाणिकता एकेका माणसाच्या मनाच्या शुद्धीवर उभी नसते. मोजमाप दुसऱ्याने करून पाहता येते, यावर ती उभी असते. मेंडेल यांचे वाटाणे मोजताना कोणी त्यांची उपासना मोजत नाही. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेच्या जुन्या इमारतीच्या दारावर बायबलच्या १११ व्या स्तोत्रातले वचन लॅटिनमध्ये कोरले आहे: परमेश्वराची कृत्ये थोर आहेत, ज्यांना त्यांची आवड आहे ते त्यांचा शोध घेतात. त्या दारातून इलेक्ट्रॉनचा शोध लावणारे गेले, डीएनएची रचना उलगडणारे गेले. त्यांत देव मानणारे होते आणि उघडपणे न मानणारेही होते. शोधाला त्यामुळे बाध आला नाही.

गॅलिलिओंचे काय, असे कोणी विचारेल. १६३३ चा तो खटला चर्चची चूकच होती, आणि चर्चने ती जाहीरपणे मान्य करायला १९९२ साल उजाडले. त्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. तसेच हिस्लॉपांच्या काळातले विज्ञान कंपनी सरकारच्या सावलीत वाढले, १८५४ मध्ये नागपूर खालसा झाल्यावर या प्रदेशाच्या खनिजांची माहिती कोणाच्या कामी आली, हेही विसरू नये. पण चर्चने एकदा विज्ञानाचा अडथळा केला म्हणून आपल्या मुलांनी विज्ञानापासून दूर राहावे, हा निष्कर्ष कोणत्या तर्काने निघतो? उलट तो अडथळा पुन्हा होऊ नये म्हणून चर्चच्या आत विज्ञान जाणणारी माणसे हवीत.

खरे सांगायचे तर आपल्या समाजातला मोठा अडसर उत्पत्तीचा अध्याय नाहीच. तो पोटाचा आहे. महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक २०११ च्या जनगणनेनुसार एक टक्क्याहूनही कमी. विदर्भातल्या आपल्या कुटुंबांपैकी कितीतरी दलित समाजातून आली आहेत. अनुसूचित जातींचा १९५० चा आदेश शिखांसाठी १९५६ मध्ये आणि बौद्धांसाठी १९९० मध्ये बदलला, ख्रिस्ती झालेल्यांसाठी बदलला नाही, त्यामुळे जातीची झळ राहिली आणि सवलत गेली. अशा घरातली आई मुलीला म्हणते, “बाई, तू नर्सिंग कर, तीन-चार वर्षांत हाताला काम लागेल आणि परदेशीही जाता येईल,” तेव्हा ती काही चुकीचे सांगत नाही. नर्सिंगने, शिक्षकीने, मिशनच्या दवाखान्यांनी आणि शाळांनी आपल्याला उभे केले. त्या कामाला कमी लेखणारा एकही शब्द मला लिहायचा नाही. पण यातून एक सवय जडली आहे: विज्ञानाचा उपयोग आपण आपलासा केला, विज्ञानाचा शोध मात्र दुसऱ्यांवर सोडला. सेवा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जखम धुणारा हात येतो. जखम का होते हे विचारणारे डोके आपल्याला सेवेत गुंतलेले वाटत नाही.

कुष्ठरोगाचा इतिहास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. भारतातल्या मिशनच्या कुष्ठधामांनी जेव्हा कोणी शिवत नव्हते तेव्हा या रोग्यांना जवळ केले. त्या सेवेची तुलना होऊ शकत नाही. पण बोटे झडतच होती, आणि ‘या रोगाचे मांसच वाईट, ते सडतेच’ असे डॉक्टरही मानत. भारतातच, मिशनरी आईबापांच्या पोटी जन्मलेले पॉल ब्रँड १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात वेल्लोरला काम करू लागले, तेव्हा त्यांनी हे गृहीतच तपासायला घेतले. त्यांना दिसले की हाताचे मांस निरोगी माणसासारखेच भरून येते; रोगाने मेलेली असते ती संवेदना. चटका कळत नाही, खिळा टोचल्याचे कळत नाही, म्हणून माणूस जखमेवरच काम करत राहतो आणि बोट जाते. हे कळल्यावर चपला बदलल्या, भांड्यांच्या मुठी बदलल्या, स्नायूंचे दोर सरकवून वाकडी बोटे सरळ करणाऱ्या शस्त्रक्रिया सुरू झाल्या. आणि १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेल्या एकत्रित औषधयोजनेने रोगच बरा होऊ लागला, तो प्रयोगशाळांतल्या अनेक वर्षांच्या कामातून. ब्रँड यांचा प्रश्न ही सेवा नव्हती असे कोण म्हणेल? ज्या मंडळीने शंभर वर्षे जखमा धुतल्या, तिच्याच मुलांनी हा प्रश्न विचारणे यात मला देवाच्या पाचारणाची अगदी सरळ रेषा दिसते.

विदर्भात हे अधिक तीव्रतेने जाणवायला हवे. कापसाचे बोंड कोणती अळी खाते, भूजलात फ्लोराइड कुठून येते, पांढरी पडत चाललेली शेतजमीन कशी सुधारावी, हे इथले जगण्यामरण्याचे प्रश्न आहेत. मराठी वाचकाला कार्व्हर नव्याने सांगायला नको. गुलामगिरीत जन्मलेला तो भाविक कृष्णवर्णीय कृषिशास्त्रज्ञ कापसाने थकवलेल्या जमिनीत शेंगदाणा आणि चवळी घ्यायला शिकवत होता, आणि प्रयोगशाळेलाच देवाशी बोलण्याची जागा मानत होता. आपल्या शहरात केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, मृदा सर्वेक्षणाचा राष्ट्रीय ब्युरो आहे, पाणी-हवेवर काम करणारी नीरी १९५८ पासून आहे, भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालय आहे. देशातल्या फार थोड्या शहरांना हे भाग्य आहे. आपली मुले मात्र त्यांच्या फाटकांवरून शाळेच्या बसने जातात, आणि आत काय चालते हे त्यांना कोणी दाखवत नाही.

पैशाचा प्रश्न सुटणारा आहे, पण माहितीवाचून सुटत नाही. बारावीत मंडळाच्या वरच्या एक टक्क्यात आलेल्या आणि मूलभूत विज्ञानाला गेलेल्या विद्यार्थ्याला केंद्राच्या इन्स्पायर योजनेतून वर्षाला ८०,००० रुपयांपर्यंत मिळू शकतात. पुढे राष्ट्रीय परीक्षेतून संशोधनवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये मिळतात. हे श्रीमंतीचे आकडे नाहीत, आणि वृत्ती अनेकदा उशिरा येते, हीही खरी तक्रार आहे. तरी ‘पीएचडी म्हणजे तिशीपर्यंत घरच्यांवर भार’ ही समजूत यापुढे धरून ठेवण्याचे कारण नाही. पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेची प्रवेश परीक्षा कधी असते, तिचा अर्ज कसा भरायचा, हे आपल्या किती पाळकांना, किती शाळांच्या मुख्याध्यापकांना ठाऊक आहे? नर्सिंगच्या प्रवेशाची तारीख उपासनेनंतरच्या सूचनांत वाचून दाखवली जाते. त्याच सूचनांत ही तारीखही वाचायला अडचण कोणती?

अभिमानाने सांगण्यासारखे आपल्या देशातले दोन दाखले आहेत. कोलकात्याच्या सेंट झेवियर्समधले जेझुइट पाद्री लाफाँ यांनी जगदीशचंद्र बोसांना भौतिकशास्त्राची गोडी लावली, आणि डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये विज्ञानसंस्था उभारली तेव्हा त्यांना भक्कम साथ दिली. त्याच संस्थेत रामन यांनी १९२८ मध्ये आपला परिणाम शोधला. लाफाँ यांनी बोसांना बाप्तिस्म्याची अट घातली नव्हती. थुंबा येथे १९६० च्या दशकाच्या आरंभी अग्निबाणासाठी चुंबकीय विषुववृत्ताजवळची जागा हवी होती, आणि तिथे मच्छीमारांचे मेरी मॅग्डलीनचे चर्च उभे होते. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांच्या पुढाकाराने त्या गरीब मंडळीने आपले प्रार्थनेचे घर विक्रम साराभाईंच्या हाती दिले. त्याच इमारतीत पहिली कार्यशाळा थाटली गेली आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तिथून पहिला अग्निबाण आकाशात गेला. या मंडळीनेही श्रद्धेची कोणती अट घातली नव्हती. देणे म्हणजे काय हे त्या कोळ्यांनी दाखवले. नागपूरच्या मंडळ्यांकडे कोणी जागा मागत नाही. दरवर्षी दोन-चार मुलांच्या परीक्षेचे शुल्क, प्रवासखर्च आणि पुस्तके यांपुरता निधी दशांशातून, म्हणजे मंडळीला दिल्या जाणाऱ्या उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्यातून, बाजूला काढणे, एवढेच मागणे आहे.

याहूनही सोपी एक गोष्ट आजच करता येईल. सेमिनरी हिल्स हे नाव त्या टेकडीला तिथल्या सेंट चार्ल्स सेमिनरीवरून पडले, आणि त्याच टेकडीवर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मध्य क्षेत्राचे कार्यालय आहे. धर्मगुरू होणारे विद्यार्थी आणि खडक वाचणारे शास्त्रज्ञ एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. पाळक आणि फादर घडवणाऱ्या सर्वच संस्थांनी, कॅथलिक असोत वा प्रोटेस्टंट, विद्यार्थ्यांना वर्षातून एकदा अशा कार्यालयात रीतसर परवानगी घेऊन न्यावे, तिथल्या तज्ज्ञांकडून खडकाचे वय काढण्याची पद्धत समजून घ्यायला लावावी, आणि तिथे कोणालाही उत्पत्तीबद्दल मत विचारू नये. त्या अकरावीतल्या मुलीसारखा प्रश्न पुढच्या शिबिरात आला, तर निदान उत्तर देणारा माणूस व्यासपीठावर असेल. आणि हिस्लॉपांच्या नावाने दरवर्षी जी भाषणे होतात, त्यांपैकी एक तरी कामठीच्या खडकांवर आणि सिलेवाड्याच्या पानांवर ठेवावे. बोलायला एखाद्या भूशास्त्रज्ञाला बोलवावे, तो कोणत्या धर्माचा आहे, किंवा धर्म मानतो की नाही, हे न विचारता.